नवं बाकी आहे

पहिला धक्का बसला तेव्हा मला वाटलं, तो माझ्या पोटात बसला.

दोन हजार अठराची दिवाळी नुकतीच सरली होती. दिवेलागणीची वेळ. मी डहाणूतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मधोमध उभा होतो, दोन्ही हातांनी उशी पोटाशी दाबून, आणि समोर खिळ्याला टांगलेल्या तांदळाच्या गाठोड्याकडे बघत होतो. आधी फळीवरच्या टोपाचं झाकण वाजलं. मग पायांखालून काहीतरी गुरगुरत गेलं आणि गाठोडं खिळ्यावर झुललं, कोणी नको म्हणून मान हलवावी तसं. मी शर्ट वर करून बघितलं. पट्ट्या जागच्या जागी होत्या. मग समजूतदारपणे स्वतःशीच म्हणालो, गॅस असणार. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या बाबतीत जे काही व्हायचं ते शेवटी गॅसच निघायचं. खांदा दुखला, गॅस. छातीत धडधडलं, गॅस. पाडव्याच्या दिवशी रडू आलं तेव्हाही मी आधी ढेकर येतोय का ते पाहिलं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला म्हणे आधी पोटात वायू भरून ते फुगवतात, मग भोकं पाडून आत उतरतात, आणि काम झालं तरी थोडा वायू मागे राहतो आणि वाट चुकून खांद्याशी जाऊन बसतो. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा मी इतक्या गंभीरपणे मान हलवत होतो की त्यांना वाटलं मी घाबरलो. मी घाबरलो नव्हतो. मी फुग्यांच्या कारखान्यात तपासायला आहे. दर खोक्यातले चार फुगे काढायचे, फुगवायचे, बोटांत धरून कान लावायचा, आणि सुसू आवाज आला नाही तर पास. भूल उतरल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मला कोणी कान लावून बघितलं का.

खाली रस्त्यावर ओरडा झाला. "हाली! धरती हाली!" कोणीतरी गुजरातीत ओरडलं, मग तेच हिंदीत, मग मराठीत, आणि तिन्ही भाषा एकदमच घराबाहेर आल्या. म्हणजे धक्का माझा नव्हता. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. जिना उतरायचा धीर नव्हता, उतरलो असतो तर चढायचा प्रश्न होताच. खाली बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, एक म्हातारा चपला शोधत होता, आणि सगळे एकमेकांना एकच विचारत होते, तुला कळलं? तुला कळलं? वर कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तर मी सांगितलं असतं की मला सगळ्यांच्या आधी कळलं, फक्त चुकीच्या ठिकाणी कळलं. हळूहळू लोक पांगले. पणत्या अजून काही दारांत होत्या, तेल संपलेल्या. मी परत येऊन गाठोड्यासमोर उभा राहिलो, कारण धरती हलली तरी मूळ अडचण हलली नव्हती. मला भूक लागली होती, खोलीत खाण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि तेवढं एकच मला चालत नव्हतं.

ते गाठोडं माझ्या आईने पाठवलं होतं. आई म्हणजे आमची आये, तलासरीच्या वर, उधव्याच्या पुढे डोंगराला टेकून आमचा पाडा आहे तिथे राहते. हळव्या भाताचा नवा तांदूळ, तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. तो माझ्यासाठी नव्हता. माझ्या घरमालकीण चंद्रिकाबेनसाठी होता. आमच्याकडे नवा तांदूळ आला की आधी घरच्या देवांना दाखवतात, घरातल्या सगळ्यांनी एका ठिकाणी बसून खायचा, आणि तोवर घरातल्या कोणी एक शीतही तोंडात घालायचं नाही. परक्याला चालतो. चंद्रिकाबेन परक्या, म्हणून त्यांनी खुशाल खावा. मी घरचा, म्हणून मी बघत बसावं. माझा चुलतभाऊ बाबल्या गाठोडं घेऊन आला तेव्हा निरोपही शब्दाला शब्द घेऊन आला होता: "बुढी बोलली, मालकिणीला दे. सुदाम परत आला का त्याला सांग, वास पण घेऊ नको, तुझं नवं बाकी हाय." दिवाळीत आमच्या घरी नवं झालंच नव्हतं. मी गेलो नाही म्हणून आये थांबली होती. घरात कणगीभर नवं भात असताना ती आणि माझी धाकटी बहीण रेशनचा तांदूळ शिजवत होत्या, आणि तिकडे त्यांना वाटत होतं की मी वापीला आहे, बदामाच्या आकाराचे फुगे कसे काढायचे त्याच्या ट्रेनिंगला. हे खोटं मी रचलं तेव्हा मला फार आवडलं होतं. "दिवाळीत शिकवतात?" आयेने फोनवर विचारलं होतं. मी म्हणालो, "बदाम कठीण असतो, आये." ती म्हणाली, "मग नीट शिक."

बाबल्याची काळ्या काचांची मॅजिक गाडी आहे, उधवा ते तलासरी, आणि भाडं मिळालं तर डहाणू. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून त्याचीच सही आहे. सही करताना त्याने सिस्टरला विचारलं होतं, "हा मेला तर गाडी माझ्या नावावर लागंल का?" सिस्टर म्हणाली, "कुठली गाडी?" तर म्हणाला, "तेच ना. याच्याकडे हायच काय?" मी स्ट्रेचरवर होतो. हसलो, आणि पोटात कळ आली. त्या दिवसापासून मला हसायची बंदी आहे. खोकायची, शिंकायची, जड उचलायची आणि हसायची. बाकीच्यांचं मला काही नाही, पण आयुष्यात मला येतं असं एवढं एकच काम, ते औषधाच्या चिठ्ठीवर बंद म्हणून लिहिलं गेलं. हसू आलंच तर उशी पोटाशी दाबायची, असं सिस्टरने शिकवलं. म्हणून ती उशी. तसं बघायला गेलं तर तिची फार गरज पडली नाही. एकट्या माणसाला सुचतं पुष्कळ, पण स्वतःच सांगून स्वतःच ऐकायचं म्हटलं की शेवट आधीच माहीत असतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरने, संगिता तिचं नाव, मला एक डबी दिली होती. औषधाच्या गोळ्यांची असते तशी, पांढऱ्या झाकणाची. आत माझ्या पित्ताच्या पिशवीतले खडे. भिजवलेल्या हरभऱ्याएवढे, पिवळट तपकिरी, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, एकमेकांना इतकी वर्षं चिकटून राहिले असणार. "हे काय करू?" मी विचारलं. "दाखवायचे," ती म्हणाली. "कोणाला?" "घरी. नातेवाइकांना. सगळे बघायला मागतात, काय काढलं म्हणून. टाकू नका." बाजूच्या खाटेवर एक म्हातारे होते, त्यांच्याही डबीत खडे होते आणि त्यांची ती डबी सकाळपासून हाताहातांत फिरत होती. सून, जावई, शेजारी, शेजाऱ्यांचा पाहुणा. प्रत्येक जण डबी उजेडाकडे धरायचा, हलवायचा, खुळखुळ ऐकायचा आणि म्हणायचा, बाप रे. मी माझी डबी पोटावर ठेवून झोपलो होतो. शेवटी म्हाताऱ्यांचा जावई चुकून माझीच डबी उचलून बाप रे म्हणाला, तेवढं एक म्हटलं गेलं. बाबल्याने बघितली तेव्हा तो वडापाव खाऊन आला होता. डबी हलवून म्हणाला, "एवढ्याशासाठी कापलं? आपल्या रस्त्यावर ट्रकभर पडलीय." मग डबी माझ्या पोटावर परत ठेवत म्हणाला, "बुढीला दाखवणार?" मी म्हणालो, "नाही. आणि तू पण बोलायचं नाही." "आईशप्पथ." "माझ्या आईची नको घेऊ." "माझ्याच आईची," बाबल्या म्हणाला. त्याची आई वारली त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून ती शपथ तो सढळ हाताने घेतो.

आयेला न सांगण्यात माझी काही शूरगिरी नव्हती. माझ्या बापाच्या पोटात दुखायचं. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, जेवल्यावर. मी चौथीत होतो. तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि हात तिथे असा धरायचा की जणू आत काही ठेवलंय आणि ते सांडेल. काढे झाले, पाला वाटून झाला, भगताने सुपातले दाणे टाकून झाले. मग एके दिवशी जीपमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात नेला, तिथे कापला, आणि तो जीपमधूनच परत आला पण आडवा. डॉक्टर म्हणाले होते, फार उशिरा आणलात. पण आयेच्या डोक्यात उशीर शिरला नाही, कापणं शिरलं. दुखणं होतं तोवर माणूस होता, कापलं आणि गेला, हे तिला दिसलं होतं, आणि दिसलेलं ती सोडत नाही. मला शाळेत लस टोचायची म्हटली तरी ती दारात येऊन उभी राहायची. बाप गेल्यावर नदीतून एक खडा आणला. आमच्यात तसा आणतात. गेलेल्या माणसाचा खडा देवांच्या पाटीत बसवतात, तांदळावर, आधीच्या वाडवडिलांच्या खड्यांशेजारी. आये पाण्यात उतरून किती तरी वेळ हातात घेऊन घेऊन टाकत होती. हा नाही. हाही नाही. मग एक उचलला आणि पदराने पुसला. मला तेव्हा विचारायचं होतं की तिला कसं कळलं. ऑपरेशननंतर पहिल्या रात्री डबी उशाशी ठेवून पडलो असताना एकदम ध्यानात आलं की बापाच्या पोटातून काय निघालं ते आम्हाला कोणी डबीत घालून दिलंच नाही. म्हणून ते नदीतून आणावं लागलं.

पण मी जेवणाबद्दल सांगत होतो. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, तेल बंद, तूप बंद, तळलेलं, मसाल्याचं बंद. पेज घ्या, मऊ भात, मुगाचं पातळ वरण, उकडलेला दुधी, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा खा. हे त्यांनी मला दिवाळीच्या तोंडावर सांगितलं. चंद्रिकाबेन तेव्हा नवसारीला मुलीकडे निघाल्या होत्या. जिन्याखाली त्यांची बॅग, वर मी, मध्ये त्यांचा आवाज. "दीकरा, मोढुं केम पीळुं पडी गयुं?" तोंड पिवळं का पडलं, म्हणून. मग मराठीत आल्या, कारण सूचना त्या मराठीतच देतात. "तेल नाय खायचा. समजला? भूख लागला तर खिचडी टाकायचा. अंडा माझ्या घरात नाय." मी म्हणालो, "बेन, अंडं डॉक्टरने पण बंद केलंय." "डॉक्टर सारो माणस छे," असा डॉक्टरला भलेपणाचा दाखला देऊन त्या रिक्षात बसल्या. लाभपाचमेनंतर येते म्हणाल्या. कोपऱ्यावरचा किराणावालाही तेव्हाच उघडणार होता. त्याच्या शटरवर झेंडूची माळ आणि लिंबू-मिरची होती. एकदा कठडा धरून तिथवर उतरलो होतो, शटर बघितलं, थोडा वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो, लिंबावर माशी बसली होती, आणि परत चढलो. घरातला तांदूळ, मूग, जे होतं ते पुरवून पुरवून खाल्लं. स्टेशनकडे रिक्षाने जाता आलं असतं. पण रिक्षा म्हणजे खड्डे, आणि खड्डे म्हणजे माझी चार भोकं. कारखान्याने दिवाळीला दिलेला फरसाणचा पुडा फळीवर होता, न उघडलेला, चिकटपट्टी लावलेला, आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी बरगडीखाली, जिथे आता काहीच नाही, तिथे दुखायचं.

स्वतःची शुश्रूषा करायची म्हणजे एकाच अंगात दोन माणसं राहतात, आणि दोघांचं पटत नाही. एक पडून असतो, दुसऱ्याने उठून पाणी तापवायचं असतं. मी चटईवर झोपतो. चटईवरून सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग गुडघे दुमडायचे, मग कोपर, मग भिंत. रोज सकाळी मी उठत नसे, स्वतःला उभा करत असे, मांडवाचा खांब करतात तसा. आंघोळीला दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून बेंबीवर चिकटवायचो. टॉवेलने पाठ पुसता यायची नाही, म्हणून ओल्या पाठीने भिंतीला टेकून उभा राहायचो. भिंतीवर माझ्या पाठीचा डाग पडायचा आणि वाळताना तो आधी कडेने, मग मध्ये नाहीसा व्हायचा. तो पूर्ण जाईपर्यंत मी बघत बसायचो. त्यात वेळ बरा जायचा. श्वासाच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी काय सांगावं? फुगे फुगवा. मी म्हणालो, साहेब, मी रजेवर आहे. तरी रोज फुगवायचो. फुगवून गाठ मारायची सवय हाताला, म्हणून खोलीत फुगे साठत गेले, लाल, पिवळे, हिरवे, आणि दोन दिवसांनी सुरकुतून कोपऱ्यात सरकत गेले. कोणी दार उघडून आत आलं असतं तर त्याला वाटलं असतं इथे एखाद्या पोराचा वाढदिवस झालाय आणि पाहुणे नुकतेच गेलेत. कोणी उघडलं नाही. बाबल्या एकदा आला तो गाठोडं घेऊन, आणि एका बाटलीत ताडी. "यात तेल नाय," म्हणाला, "झाडाचं पाणी हाय. डॉक्टरला विचार." खाली भाडं बसलेलं होतं, हॉर्न वाजवत होतं. तो गेल्यावर मी ताडी मोरीत ओतली आणि बाटली विसळून ठेवली, तेवढंच त्या दिवशी दोन माणसांचं काम.

तर धक्क्यानंतर मी गाठोड्यासमोर उभा होतो तेव्हा फोन वाजला. आये.

"सुदाम, कुठं हायस?"

"वापीला."

"तिथं हाललं?"

"थोडं."

"आपल्याकडं लय. कौलं घसरली. आम्ही दोघी खळ्यात बसलोय. सगळा पाडा बाहेर हाय." तिच्या मागे माणसं बोलत होती, कुत्री, कोणीतरी डबा बडवत होतं. "देवाची पाटी पडली रं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझा बाप खाली पडला. चुलीपाशी गेला घरंगळत. तांदूळ सगळा सांडला. नवं राहिलंय ना. नवं घरात आणलं आन दाखवलं नाय. देव किती दिस थांबंल? मी बोलत होते पोरीला, याला येऊ दे. पण तो माणूस भुकेला राहिला ना."

"आये, भूकंप असा होत नाही."

"मग कसा होतो?"

जमिनीच्या आत खडक असतात, ते सरकतात, असं काहीतरी शाळेत होतं. माझ्या तोंडून ते आलं असतं तर मीच हसलो असतो, आणि उशी लांब होती. आत खडे असतात आणि ते सरकतात. "तू दाखवून टाक," मी म्हणालो, "माझ्यासाठी नको थांबू."

"तुला सोडून कसं खाऊ?" ती म्हणाली, जणू मी चव्हाट्यावर काही घाणेरडं बोललो. "तू ये. उद्या ये. बदाम शिकला नाय तरी चालंल."

"सुट्टी नाही."

"मग मी येते वापीला," ती म्हणाली आणि फोन बंद झाला, की तिने केला, की खळ्यात रेंज गेली.

मी खाली बसलो. म्हणजे बसायच्या सगळ्या पायऱ्या करून बसलो. माझ्या अंगातलं एक छोटं पिशवीएवढं काहीतरी काढलं, ते लपवायला मी एक फुगा फुगवला, त्यापायी एका घरात नवं राहिलं, आणि त्यापायी तलासरी आणि डहाणू असे दोन तालुके हलले. असा हिशोब आयेने मांडला होता आणि मला त्यात चूक सापडत नव्हती. हसायला पाहिजे होतं. पण मला तो चुलीपाशी घरंगळत गेलेला खडा दिसत होता, आणि भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस, आणि आमच्या अंधाऱ्या खळ्यात रेशनचा भात खाणारी ती, आणि हा इकडे मी, सुरकुतलेल्या फुग्यांत. खोलीत आम्ही दोघं होतो, मी आणि माझी भूक, आणि तिसरं कोणी येऊ नये म्हणून मी आधीच दार बंद करून घेतलं होतं. दुपारपासून पाव कप कोऱ्या चहावर होतो आणि गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या होत्या. उपाशी पोटी मी त्या रात्री नाही तर उद्या, जिन्यात नाही तर मोरीत, कुठेतरी पडणार आणि चंद्रिकाबेन लाभपाचमेनंतर येऊन दार उघडणार, हे मला अगदी बाहेरून, दुसऱ्याचं असल्यासारखं दिसलं.

मग मी उठलो आणि गाठोडं सोडलं. लुगड्याच्या तुकड्याला घराचा वास होता, धुराचा आणि भाताच्या तुसाचा. एक मूठ तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात चढवला. नवा तांदूळ लवकर फुलतो, पाणी लगेच दुधासारखं झालं. वास आला तसं मला कळलं की हे असं सरळ ताटलीत घेऊन खाता येणार नाही. विश्वास आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. हातच पुढे होईना. सव्वीस वर्षं जो हात थांबायला शिकला तो थांबला होता. दाखवायला तर पाहिजे. पण खोलीत देव नव्हता. चंद्रिकाबेनच्या कॅलेंडरवर एक होते, पण ते त्यांचे, त्यांना आमचं नवं दाखवून काय उपयोग. मी इकडे तिकडे बघितलं. फळीवर डबी होती.

मी ती का उचलली ते आता कोणी विचारलं तर मी काहीतरी गमतीचं सांगेन. तेव्हा मला गंमत वाटत नव्हती. एका ताटलीत मूठभर कोरडे तांदूळ पसरले, त्यावर डबी उपडी केली, खडे हाताने नीट लावले, मोठा मध्ये. माझ्या घरातलेच होते ते, माझ्यापेक्षा आत राहिलेले. ताटली फळीवर ठेवली. पेजेची वाटी समोर धरली आणि काय म्हणायचं ते आठवेना, कारण म्हणायची आये. म्हणून मी नुसतं म्हणालो, "हे नवं आहे." थोडा वेळ थांबलो, त्यांना जेवढा लागेल तेवढा. मग खाली बसून खाल्लं. मीठ घालायला विसरलो होतो. गरम पेज छातीतून खाली गेली, जिथे कापलं होतं त्याच्या शेजारून गेली आणि तिथे काही दुखलं नाही. नाकातून पाणी आलं. ढेकर येतोय का ते मी या वेळी पाहिलं नाही.

सकाळी जिन्यात चपलांचा आवाज आला, आणि त्याच्या मागे बाबल्याचा. "मी काय करू, सांग. ती वापीला निघाली होती. वापीला हिला सोडू कुठं? गाव केवढं हाय ते!" मी कुशीवर वळून, कोपर टेकून, भिंत धरून दारापर्यंत जाईस्तोवर कडी बाहेरून तीनदा वाजली. दार उघडलं. आये दारात, डोक्यावर पदर, हातात पिशवी, काखोटीला छत्री. तिच्या मागे बाबल्या आकाशाकडे बघत होता. "मी काय बोललो नाय," तो म्हणाला. "फक्त बोललो, डहाणूलाच हाय, बाकी त्याला विचार. आईशप्पथ." आणि खाली भाडं नसताना हॉर्न वाजवायला निघून गेला.

आयेने आधी माझ्याकडे बघितलंच नाही. कुठल्याही घरात शिरली की ती आधी देव शोधते. खोलीभर सुरकुतलेले फुगे, दोरीवर दुधाच्या पिशव्या, आणि फळीवर ताटलीत तांदूळ आणि त्यावर खडे. तिने पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि वाकून फळीला हात जोडले. कपाळ टेकवलं. मग ती वळली आणि मला बघितलं, वाकडा उभा असलेला, उजव्या बरगडीखाली हात धरलेला. माझ्या हे ध्यानातही नव्हतं. तिची नजर त्या हातावर थांबली ती तिथेच राहिली.

"कापलं," ती म्हणाली.

"दुर्बिणीने. थोडंसंच. मी बरा आहे, आये."

"हे कुणाचे?" तिने मागे न बघता फळीकडे बोट केलं.

"माझे. आतले. डॉक्टरने दिले, घरी दाखवायला."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा जिना उतरून जाईल. ती फळीपाशी गेली. मधला मोठा खडा उचलला, चिमटीत धरून उजेडाकडे नेला, फिरवला, पदराने पुसला. नदीत धरायची तसा. बराच वेळ. खाली बाबल्याचा हॉर्न एकदा वाजून बंद झाला.

"दुखायचं तेव्हा हा आत फिरायचा?"

"हो."

"त्याच्या पण हाच असंल," ती म्हणाली. मला नाही म्हणाली, खड्यालाच म्हणाली. "मी नदीत किती शोधला." मग तो होता तिथे, मध्ये, परत ठेवला, तांदळात जरा रुतवून, पडू नये म्हणून. "आन कापलं तरी तू उभा हायस."

"वाकडा आहे. पण उभा आहे."

"दिसतोस मला." तिने टोपाचं झाकण उचलून बघितलं. तळाशी रात्रीची पेज होती, घट्ट झालेली. तिने बोट न लावता नुसता वास घेतला आणि तिच्या तोंडावरून काहीतरी गेलं. "नवं खाल्लंस."

"खाल्लं."

"दाखवलंस?"

मी फळीकडे बघितलं. "यांनाच."

आयेने थोडा विचार केला. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच परीक्षकाने एवढा केला नसेल. मग ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, छत्री बाजूला ठेवली, एक लाल फुगा मांडीखालून ओढून काढला आणि म्हणाली, "मग मला वाढ. पोरीचं तेवढं पिशवीत घालून दे, नेते."

मी पेजेत गरम पाणी घातलं, हलवली, दोन ताटल्यांत घेतली. बसायच्या माझ्या पायऱ्या ती बघत होती, मध्ये हात पुढे केला आणि मग मागे घेतला, मला माझं करू दिलं. तिने पहिला घोट घेतला. "मीठ नाय," म्हणाली. "विसरलो," मी म्हणालो. "बापासारखा," ती म्हणाली, आणि मला हसू आलं, आणि उशी चटईवर लांब राहिली होती, म्हणून मी दोन्ही हातांनी पोट धरून हसलो, दुखलं तरी.

तेवढ्यात झाकण वाजलं. फळी थरथरली, ताटलीतले खडे एकमेकांवर टकटकले, फुगे कोपऱ्यातून जरासे पुढे आले. खाली रस्त्यावर पुन्हा तिन्ही भाषा ओरडल्या. आयेने भिंतीकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही. तिने हात पुढे करून माझ्या पोटावर ठेवला, पट्ट्यांच्या जरा बाजूला, हलका, आणि कान दिल्यासारखी मान कलती केली.

"तुझ्यात?"

"नाही," मी म्हणालो. "बाहेर."

"मग जेव," आये म्हणाली.